टाइपरायटरला स्पेलिंगची चूक कशी कळायची, आणि कागदावरचं अक्षर परत कसं निघायचं?

टाइपरायटर म्हटलं की कोर्टाबाहेर बसलेला टंकलेखक, खडखडणाऱ्या कळा आणि शेजारी व्हाइटनरची बाटली एवढंच बहुतेकांना आठवतं. पण १९८०च्या दशकात याच घराण्यातली वेगळी यंत्रं बाजारात आली. इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलं की ती ‘पीप’ असा आवाज करत आणि एका कळीसरशी तो शब्द कागदावरून उचलून घेत. खाली डाग नाही, पांढरा थर नाही. इंटरनेट आणि नोटिफिकेशनपासून लांब बसून लिहायचं म्हणून आज काही जण ही जुनी यंत्रं शोधून घेतात, आणि दोन प्रश्नांपाशी अडतात. उमटलेलं अक्षर निघतं कसं? आणि या डब्याला स्पेलिंग कळतं कसं?

ही दोन कामं यंत्राचे दोन स्वतंत्र भाग करतात. जाहिरातींनी शब्दकोशाचा गाजावाजा केला. टंकलेखकाचे तास वाचवले ते मात्र खोडण्याच्या सोयीने, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कळ आणि कागद यांच्यामध्ये एक चिप आली

साध्या टाइपरायटरमध्ये बोटाचा जोर दांड्यांमधून थेट अक्षराच्या खिळ्यापर्यंत जातो. यंत्राच्या लेखी गोष्ट तिथेच संपते. कोणतं अक्षर उमटलं याची नोंद कुठेच राहत नाही.

१९७८च्या सुमारास ऑलिव्हेट्टी कंपनीचं ईटी १०१ आणि आयबीएमची इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली आणि हे बदललं. कळ दाबली की अक्षराचा संकेतांक प्रोसेसरकडे, म्हणजे आतल्या चिपकडे जातो. बहुतेक यंत्रांत तो ‘डेझी व्हील’ नावाची चकती फिरवतो. या चकतीला साधारण ९६ ते १०० पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक अक्षर असतं. हवी ती पाकळी वर आली की मागून छोटी हातोडी बसते, रिबन कागदावर दाबली जाते आणि अक्षर उमटतं. कागद धरणारा रोलर जागेवर राहतो, चकती आणि रिबन घेऊन छपाईचा डोलारा डावीकडून उजवीकडे सरकतो.

म्हणजे कोणतं अक्षर मारलं आणि डाव्या समासापासून किती अंतरावर मारलं, या दोन्ही गोष्टी आता प्रोसेसरला ठाऊक असतात. पुढची सगळी करामत या दोन आकड्यांवर उभी आहे.

अक्षर निघतं ते रिबनमुळे

खोडरबराने कागद झिजायचा. १९५०च्या दशकात टेक्सासमधल्या बेटी नेस्मिथ ग्रॅहम या बँकेतल्या सेक्रेटरीने चुकीवर लावायचा पांढरा रंग बनवला, तो पुढे ‘लिक्विड पेपर’ म्हणून जगभर गेला आणि १९७९मध्ये जिलेट कंपनीने तो धंदा ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतला. पण रंग लावा, वाळू द्या, मग त्यावर टाइप करा, यात वेळ जाई आणि दुरुस्ती लपत नसे.

खरा पालट १९७३मध्ये आयबीएमच्या ‘करेक्टिंग सिलेक्ट्रिक’ने केला. हे यंत्र विजेचं होतं, इलेक्ट्रॉनिक नव्हतं. पण त्याची रिबन आणि खोडण्याची कळ पुढच्या सगळ्या यंत्रांनी उचलली.

जुनी रिबन कापडाची, शाईत भिजवलेली. ठोका बसला की शाई कागदाच्या तंतूंमध्ये मुरते आणि मुरलेली शाई ओढून काढता येत नाही. करेक्टेबल फिल्म रिबन म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर काळ्या रंगाचा कोरडा थर. ठोका बसला की अक्षराच्या आकाराचा तुकडा त्या थरातून सुटतो आणि कागदाच्या पृष्ठभागावर बसतो, आत शिरत नाही. त्याच जागी त्याच अक्षराचा दुसरा ठोका चिकट पट्टीतून मारला की तो तुकडा पट्टीला चिकटून वर येतो. ही पट्टी म्हणजे लिफ्ट-ऑफ टेप.

कापडी रिबनसाठी दुसरी टेप असते, कव्हर-अप. तिच्यावर पांढरी भुकटी असते. ती अक्षर काढत नाही, झाकते. पांढऱ्या कागदावर काम भागतं, पिवळसर किंवा रंगीत लेटरहेडवर मात्र पांढरं अक्षर उठून दिसतं. तिसरा प्रकार मल्टिस्ट्राइक फिल्मचा. तिच्यात एकाच जागेवरून अनेक ठोके निघतात, रिबन जास्त दिवस पुरते, पण शाई कागदात जाते, त्यामुळे तिच्यासोबतही कव्हर-अपच लागते.

‘माझ्या मशीनचं करेक्शन चालत नाही’ या तक्रारीत सगळ्यात आधी पाहायची गोष्ट हीच. रिबन कापडी किंवा मल्टिस्ट्राइक आणि टेप चिकट, अशी जोडी असेल तर यंत्र कितीही चांगलं असलं तरी अक्षर हलणार नाही. रिबनच्या खोक्यावर ‘करेक्टेबल’ आणि टेपच्या खोक्यावर ‘लिफ्ट-ऑफ’ हे दोन शब्द वाचूनच पैसे द्यावेत.

करेक्शनची कळ दाबल्यावर काय काय घडतं

ही कळ बहुधा कीबोर्डच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात असते. ती दाबली की डोलारा एक घर, म्हणजे एका अक्षराची जागा, मागे जातो. रिबनची चौकट आणखी वर उचलली जाते, त्यामुळे रिबनऐवजी खालची चिकट टेप अक्षरासमोर येते. प्रोसेसर आपल्या नोंदीतून पाहतो की इथे ‘एम’ होता. चकती ‘एम’वर आणली जाते, हातोडी बसते, अक्षर टेपवर येतं, टेप एक पाऊल पुढे सरकते. डोलारा तिथेच थांबतो, बरोबर अक्षर टाइप करायला.

या नोंदीला करेक्शन मेमरी म्हणतात. स्वस्त यंत्रात ती एका ओळीपुरती असते, महागड्यांत काही शे अक्षरांपासून पानापर्यंत. तिच्यामुळेच ‘वर्ड आउट’ आणि ‘लाइन आउट’ अशा कळा शक्य झाल्या. एकदा दाबलं की यंत्र एकेक अक्षर मागे येत अख्खा शब्द किंवा ओळ उचलतं. स्मिथ-कोरोना कंपनीने शब्द उचलणाऱ्या सोयीला ‘वर्डइरेझर’ म्हटलं. ‘रिलोकेट’ ही आणखी एक कळ असते. ओळीत मागे जाऊन चूक सुधारली की ती दाबायची, यंत्र टाइप करायचं थांबलं होतं त्या घरावर आपोआप परत जातं. माझ्या मते सगळ्या कीबोर्डवरची सर्वात दुर्लक्षित पण सर्वात कामाची कळ ही आहे. डोळ्यांनी जागा जुळवायला गेलं की पुढची सगळी ओळ अर्धं घर सरकलेली निघते.

चूक मेमरीच्या बाहेर, म्हणजे चार ओळी वर असेल तर? रोलर फिरवून ओळ जुळवायची, डोलारा चुकलेल्या अक्षरावर आणायचा, करेक्शनची कळ दाबायची आणि मग तेच चुकीचं अक्षर स्वतः टाइप करायचं. यंत्राला आठवत नसल्यामुळे आपण ते सांगतो. मग बरोबर अक्षर. इथे नवखे लोक हमखास चुकतात. ते करेक्शननंतर लगेच बरोबर अक्षर मारतात, आणि मग ‘ई’च्या आकाराच्या ठोक्याने ‘ए’ उचलायचा प्रयत्न होतो. अर्धं अक्षर कागदावर राहतं. लहान-मोठी लिपीही तीच हवी.

कागद बाहेर काढून पुन्हा घातला की ही नोंद निरुपयोगी होते. यंत्र अंतर मोजतं ते समासापासून, कागद मिलिमीटरभर तिरका बसला हे त्याला कळत नाही. म्हणून पान रोलरवर असतानाच वाचून घ्यावं.

सुटलेलं अक्षर बसवायचं कसं

जादा किंवा चुकीचं अक्षर काढणं सोपं. पाच अक्षरी शब्दाऐवजी सहा अक्षरी हवा असेल तर? जागा तर पाचच घरांची. इथे अर्ध्या घराची सोय वापरतात. टाइपच्या आकाराला पिच म्हणतात, म्हणजे एका इंचात किती अक्षरं. नेहमीचे पिच १०, १२ आणि १५. पिच १० असेल तर एक घर इंचाचा दहावा भाग आणि अर्धं घर विसावा.

शब्द पूर्ण उचलायचा, पहिल्या अक्षराच्या जागेपासून अर्धं घर मागे जायचं आणि सहा अक्षरं टाइप करायची. दोन्ही बाजूंना मोकळ्या घराऐवजी अर्धं अर्धं घर उरतं. वाचणाऱ्याच्या ते सहसा लक्षात येत नाही. उलट सहाचं पाच करायचं असेल तर अर्धं घर पुढे सरकून सुरू करायचं. दोन अक्षरं वाढत असतील तर मात्र ही युक्ती पुरत नाही, ओळच पुन्हा घ्यावी लागते.

स्पेलिंग ‘कळतं’ म्हणजे नक्की काय

आता शब्दकोशाकडे. ब्रदर कंपनीच्या अनेक यंत्रांत ‘वर्ड-स्पेल’ नावाने ७०,००० शब्द असत, स्मिथ-कोरोनाची ‘स्पेल-राइट’ ५०,००० शब्दांची होती. शब्दकोश म्हटल्यावर अर्थ, व्याकरण असं काही मनात येतं. तसं त्यात काहीही नसतं. असते ती फक्त शब्दांची यादी.

मतदान केंद्रावरचा कर्मचारी मतदार यादीत नाव शोधतो, तसं हे काम आहे. यादीत नाव नसेल तर माणूस गावात जन्मापासून राहत असला तरी हरकत घेतली जाते. आणि यादीतलं दुसऱ्याचं नाव कुणी सांगितलं तर यादी ते ओळखू शकत नाही.

टंकलेखक स्पेस बार किंवा विरामचिन्ह दाबतो तेव्हा शब्द पूर्ण झाला असं यंत्र धरतं आणि शोध घेतं. यादी अकारविल्हे असेल तर प्रत्येक वेळी उरलेल्यातला मधला शब्द पाहून अर्धा भाग सोडून देता येतो. अशा रीतीने ७०,००० शब्दांत एक शब्द शोधायला जास्तीत जास्त १७ तुलना लागतात. तेव्हाच्या मंद चिपलाही हे दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात जमतं. सापडला तर गप्प, नाही तर पीप.

यातून दोन प्रकारच्या गफलती होतात. पहिली, बरोबर शब्दावर पीप. अमेरिकी यादीच्या यंत्रावर ब्रिटिश वळणाचं ‘कलर’ म्हणजे ‘यू’ असलेलं लिहिलं की पीप. देशपांडे, कोल्हापूर, ग्रामपंचायत असे शब्द इंग्रजी लिपीत लिहिले की पीप. त्यासाठी काही यंत्रांत आपले शब्द घालायची वेगळी यादी असते. दुसरी गफलत जास्त घातक, चुकीवर शांतता. ‘फॉर्म’ आणि ‘फ्रॉम’ यांत अक्षरं तीच चार, फक्त ‘ओ’ आणि ‘आर’ची अदलाबदल. दोन्ही शब्द यादीत आहेत, त्यामुळे यंत्र गप्प राहतं. ‘देअर’ची दोन स्पेलिंगंही तशीच.

म्हणून मोठी यादी म्हणजे चांगली यादी, हा समज चूक आहे. यादीत जितके दुर्मीळ शब्द भरावेत, तितकी एखादी टाइपिंगची चूक त्यांतल्या कुठल्या तरी शब्दाशी नेमकी जुळण्याची शक्यता वाढते.

सत्तर हजार शब्द त्या डब्यात मावले कसे

इंग्रजी शब्द सरासरी आठ अक्षरांचा धरला तर ७०,००० शब्दांची साडेपाच लाखांवर अक्षरं होतात. त्या काळची एक मेगाबिटची चिप एक लाख ३१ हजार अक्षरं साठवायची. म्हणजे यादी चार-पाच पटींनी दाबल्याशिवाय जमत नाही.

पहिली काटकसर अशी: इंग्रजी वर्णमाला २६ अक्षरांची, तिला पाच बिट, म्हणजे शून्य किंवा एकच्या पाच खुणा, पुरतात, नेहमीचे आठ कशाला द्यायचे? दुसरी: अकारविल्हे यादीत लागोपाठच्या शब्दांची सुरुवात सारखी असते. ‘करेक्ट’नंतर ‘करेक्शन’ लिहिताना पहिला भाग पुन्हा साठवायचा नाही, ‘मागच्याची पहिली सात अक्षरं, पुढे आयओएन’ एवढंच. तिसरी: मूळ शब्द एकदा साठवून त्याला ‘एस’, ‘ईडी’, ‘आयएनजी’ लागतात की नाही याच्या खुणा ठेवायच्या. युनिक्स या संगणक प्रणालीसाठी डग मॅकिलरॉय यांनी १९७०च्या दशकात सुमारे ३०,००० शब्द प्रत्येकी साधारण १४ बिटांत बसवले होते, म्हणजे दोन अक्षरांपेक्षाही कमी जागेत एक शब्द. तिथे शब्दाची अक्षरं साठवलेलीच नव्हती, शब्दावरून काढलेला एक आकडा होता. ही विद्या टाइपरायटरच्या आधीच तयार होती, चिप स्वस्त होण्याची वाट होती.

मग चूक यंत्रानेच का सुधारू नये?

कारण पीप वाजते तेव्हा शब्द कागदावर उमटलेला असतो. फोनवर चुकीचा बदल झाला तर तो पुसायला काही पडत नाही. इथे प्रत्येक चुकीच्या दुरुस्तीला टेप खर्च होते आणि कागदावर पुन्हा ठोके बसतात. त्यामुळे यंत्र पर्याय सुचवतं, निर्णय माणसाचा.

पर्याय सुचवण्याचा पाया आयबीएममधल्या फ्रेडरिक डॅमराऊ यांनी १९६४मध्ये घातला. त्यांना दिसलं की स्पेलिंगच्या ८० टक्क्यांहून जास्त चुका चारच प्रकारांत मोडतात: एक अक्षर चुकीचं, एक जादा, एक सुटलेलं, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. सात अक्षरी चुकीच्या शब्दावर हे चारही बदल करून पाहिले तर ३९६ शक्यता होतात, ७ अक्षरं गाळण्याच्या, ६ अदलाबदलीच्या, १७५ बदलण्याच्या आणि २०८ घुसवण्याच्या. त्यांतल्या ज्या यादीत सापडतील त्या दाखवायच्या.

दाखवायच्या कुठे? त्यासाठी वरच्या यंत्रांत १६ किंवा २४ अक्षरांची एलसीडी खिडकी आली. खिडकीमुळे आणखी एक सोय झाली. ‘लाइन बाय लाइन’ पद्धतीत अक्षरं खिडकीतच थांबतात आणि रिटर्न दाबल्यावर अख्खी ओळ एकदम छापली जाते. स्पेलचेक खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं ते याच पद्धतीत, कारण चूक कागदापर्यंत पोचतच नाही. थेट टाइपिंगमध्ये पीप उपयोगी कमी आणि लय मोडणारी जास्त. सरावलेले टंकलेखक ती बंद करून ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

हेच मराठीत करायचं तर

यादीची कल्पना मराठीत पहिल्याच पायरीवर अडते. इंग्रजीत एका नामाची दोन-तीन रूपं. मराठीत घर, घरं, घराला, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनाही, आणि प्रत्येक शब्दाची अशी रांग. सगळी रूपं यादीत घातली तर ती लाखांत जाते, न घातली तर प्रत्येक ओळीत पीप. सामान्यरूप आणि प्रत्यय ओळखणारे नियमच लागतात.

खोडण्याची अडचण निराळी. रेमिंग्टन पद्धतीच्या देवनागरी कीबोर्डवर ख, ण, भ, श ही अक्षरं एका ठोक्याची नसतात, अर्धं अक्षर आणि काना असे दोन ठोके लागतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी मारायची. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या काही कळा डोलारा पुढे न सरकवता त्याच घरात चिन्ह उमटवतात. म्हणजे ‘खूं’ उचलायचा तर एकाच अक्षरासाठी चार ठोके नोंदीत हवेत आणि प्रत्येक आपल्या जागी पुन्हा बसायला हवा. एक घर म्हणजे एक अक्षर, हे इंग्रजी गणित इथे चालत नाही.

टाइपरायटर हॅक होत नाही, मग सुरक्षित का?

जुलै २०१३मध्ये रशियाच्या संघीय संरक्षण सेवेने विजेवरचे टाइपरायटर मागवल्याची बातमी आली. पुढच्या वर्षी जर्मन संसदेच्या हेरगिरी चौकशी समितीचे प्रमुख पात्रिक झेन्सबुर्ग यांनी टाइपरायटरचा विचार चालू असल्याचं टीव्हीवर सांगितलं. इंटरनेट नाही, म्हणजे गळती नाही, असा त्यामागचा हिशेब.

पण वर सांगितलेल्या रिबनचा विचार करा. करेक्टेबल फिल्म एकदाच वापरली जाते. प्रत्येक अक्षर तिच्यातून सुटून गेलेलं असतं, त्यामुळे वापरलेली रिबन उजेडात धरली की अख्खं पत्र वाचता येतं. लिफ्ट-ऑफ टेपवर तुम्ही खोडलेली अक्षरं चिकटलेली असतात, म्हणजे जे लिहून मागे घेतलं तेही. गोपनीय मजकूर असेल तर दोन्ही बारीक तुकडे करून नष्ट करावे लागतात. आणि यंत्रावर बाहेरून कान लावता येत नाही, हेही खरं नाही. १९८४मध्ये मॉस्कोतला अमेरिकी दूतावास आणि लेनिनग्राडमधली अमेरिकी वकिलात इथल्या १६ आयबीएम सिलेक्ट्रिक यंत्रांत छुपी उपकरणं सापडली, ती टाइप होणारी अक्षरं ओळखून रेडिओवरून बाहेर पाठवत होती.

आणखी एक धोका कायद्याच्या कागदांचा. जे अक्षर टेपने निघतं ते दुसऱ्या कुणाच्या चिकटपट्टीनेही निघू शकतं. चेक, करारनामा, दाखला यांच्यासाठी कापडी किंवा न निघणारी रिबनच घालावी. कार्बन प्रतीचंही लक्षात ठेवा. वरच्या कागदावरची चूक उचलली गेली तरी खालच्या प्रतीवर ती तशीच राहते, उलट उचलतानाचा ठोका तिथे आणखी गडद उमटतो.

अक्षर नीट निघत नसेल तर

अक्षर गेलं पण फिकट सावली उरली, तर बहुधा ठोक्याचा जोर जास्त आहे. जोर कमी-जास्त करायची सोय असते, ती जाड कागद किंवा कार्बन नसेल तर कमीवर ठेवावी. खरखरीत, जाड कागदाच्या खाचांत रंगाचे कण अडकतात, तिथे करेक्शन दोनदा मारावं लागतं. दाबाचा खळगा मात्र राहतोच.

सावली अक्षराच्या शेजारी सरकलेली दिसत असेल तर कागद घसरतोय किंवा चकती नीट बसलेली नाही. कागद सैल करणारा खटका उघडा राहिलाय का पाहा. रोलर गुळगुळीत, कडक झाला असेल तर कागद पकडत नाही. टाइप केल्यावर मध्येच पिच बदलला असेल तरी घरं जुळणार नाहीत.

काहीच निघत नसेल तर टेप पाहा. चिकट बाजू कागदाकडे हवी, ढील नको, आणि ठोक्यागणिक ती पुढे सरकायला हवी. संपलेली टेप उलटी गुंडाळून पुन्हा वापरता येत नाही, तिच्यावर आधीची अक्षरं बसलेली असतात.

जुनं यंत्र विकत घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर एक शब्द टाइप करून अख्खा उचलून पाहा, मग ‘आर-ई-सी-आय-ई-व्ही-ई’ असं ‘रिसीव्ह’ मुद्दाम चुकीचं लिहून पीप येते का ऐका. स्वतः घातलेले शब्द टिकवायला बॅटरी लागते, ती मेलेली असली तर तेवढी यादी जाते, मूळ शब्दकोश चिपमध्ये कायमचा कोरलेला असल्याने राहतो. पण पैसे देण्याआधी त्या मॉडेलची रिबन आणि टेपची कॅसेट आज मिळते का, याची खात्री करा. प्रत्येक कंपनीच्या कॅसेटचा आकार वेगळा असतो आणि एकीची दुसरीत बसत नाही.